मरोद्यातला उत्तरेचा बाण

भिलाईत होकायंत्र चालत नाही, असं भय्याजी खोब्रागडे यांचं ठाम मत होतं. स्टील प्लांटमध्ये इतकं लोखंड पडलंय की बिचारी सुई गोंधळते, असं ते सांगत आणि सांगताना बोट हलवून गोंधळलेली सुई करून दाखवत. त्यांनी इथं कधी होकायंत्र लावून पाहिलं का, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असे, "चालतच नाई तं लावून काय करू?"

भय्याजी प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. वडील भंडाऱ्याकडून आले ते भट्टीवर कामाला. मुलानं मात्र टी-स्क्वेअर धरला आणि निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. पुढं कॉम्प्युटर आले, तेव्हाही भय्याजी आधी कागदावर काढत आणि मग कॉम्प्युटरवाल्या पोरांना "हे असं तुमच्या डब्यात टाका" म्हणून देत. निवृत्तीनंतर त्यांनी भिलाईतल्याच मरोद्यात घर बांधलं. मुलगा रोशन नागपूरला रेल्वेत आहे. घरात भय्याजी आणि सत्यशीलाबाई दोघंच. घरामागं सत्यशीलाबाईंची बाडी. तिच्यात अंबाडी, वाल, टमाटर आणि एक हट्टी पपई. बाडीच्या कुंपणापलीकडे घोंघी डबरी.

डबरी म्हणजे लहान तळं. हे कधीकाळी मुरूम काढायला खोदलेलं, ताटासारखं गोल. काठाकाठानं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरलं तर आधी भय्याजींची गल्ली लागते, मग पाणकणसाचं दाट बेट, मग मोकळं मैदान. अजून पुढं म्हशी धुण्याची जागा आणि शेवटी छठपूजेचा घाट, की फेरी पूर्ण. पाणकणसात अडया राहतात. अडई म्हणजे शिट्टी मारत उडणारं बदक. भय्याजी त्यांना "थर्ड शिफ्टवाले" म्हणत, कारण ही मंडळी दिवसा झोपा काढतात आणि अंधार पडला की शिट्ट्या वाजवत कामाला निघतात.

शहराचा नवा विकास आराखडा तयार होत होता, त्यात प्रत्येक तळ्याभोवतीचा कोणता भाग राखायचा हे नकाशावर दाखवायचं होतं. हिरवा रंग म्हणजे इथं काही बांधायचं नाही. पिवळा म्हणजे लोकांच्या सोयीचं काही करता येईल. काम रायपूरच्या एका एजन्सीकडे होतं आणि एजन्सीकडून गीतांजली नावाची मुलगी स्कूटीवर तळी पाहत फिरत होती. तिची अडचण साधी होती. उपग्रहाला पाणकणीस आणि बेशरमाची झुडपं सारखीच हिरवी दिसतात. त्यामुळं पाखरं नेमकी कुठं अंडी घालतात, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, हे ती मोहल्ल्यातल्या लोकांकडून कच्च्या नकाशावर काढून घेई. लोक वहीचं पान फाडून बॉलपेननं गोल काढत आणि त्यात बदक काढत.

भय्याजींनी असलं काही काढायला नकार दिला. त्यांनी ट्रेसिंग पेपरचा रोल आणला, काठ टेपनं मोजला, शाई भरली. स्केल, टायटल ब्लॉक, उत्तरेचा बाण, सगळं जिथल्या तिथं. टायटल ब्लॉकमध्ये खाली दोन चौकटी: 'ड्रॉन बाय' आणि 'चेक्ड बाय'. पहिलीत स्वतःची सही. दुसरीसाठी ते सेक्टर दहाला ओमप्रकाश लांजेवार यांच्याकडे गेले.

लांजेवार साहेब प्लांटमधले निवृत्त अधिकारी, परिसराच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष. नोकरीत असताना भय्याजींची ड्रॉइंगं तेच तपासत. तपासण्याची त्यांची एक पद्धत होती. काहीतरी चूक काढायची, म्हणजे पाहिलं हे सिद्ध होतं. आताही त्यांनी चष्मा वर केला, नकाशा उजेडात धरला आणि म्हणाले, "बॉर्डरची लाइन बारीक आहे."

"जाड करतो साहेब."

"मग ठीक." आणि सही केली.

साहेबांच्या क्वार्टरचा फेरबदलही भय्याजींनीच काढून दिला होता. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, संडास वायव्येला. वास्तूवाला नागपूरहून आला होता. त्यानं कंपास काढल्यावर साहेबांनीच त्याला तो परत खिशात ठेवायला लावला होता. "इथे ते चालत नाही. दिशा मी सांगतो," असं म्हणून.

गीतांजलीनं रोल उलगडला आणि तिचे डोळे मोठे झाले. "अंकल, ये तो मशीन जैसा है!"

"मशीन गलती करती है, बेटा," भय्याजी म्हणाले.

तिनं तो स्कॅन केला, उत्तरेचा बाण उपग्रहाच्या चित्राच्या उत्तरेशी जुळवला, डबरीवर डबरी ठेवली. गोलावर गोल चपखल बसला, म्हणून काठावरची घरं तिनं ताडून पाहिली नाहीत.

काही आठवड्यांनी कच्चा आराखडा मोहल्ल्याच्या सियान सदनात, म्हणजे म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या हॉलमध्ये, भिंतीवर लागला. हरकती असतील तर कळवा, नंतर सुनावणी होईल, अशी सूचना खाली होती. तो आधी सत्यशीलाबाईंनी पाहिला. त्या भाजी घेऊन येत होत्या. घरी येऊन त्यांनी पिशवी ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"अवो, आपलं घर हिरवं झालं."

"रंग कोनं देल्ला?"

"नकाशात झालं. आपल्या गल्लीत पाखरं अंडे देतेत म्हणे. तुमी कधी देता थे सांगा, म्या बसाले पोतं टाकतो."

भय्याजी चप्पल न घालताच सियान सदनात गेले. बाईंनी चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांची अख्खी गल्ली हिरवी होती: 'पक्ष्यांचं विणीचं क्षेत्र, बांधकामास मनाई'. आणि जिथं खरोखर पाणकणीस होतं, तिथं पिवळा रंग आणि बारीक अक्षरात 'चौपाटी प्रस्तावित'. भय्याजींच्या डोळ्यासमोरून दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे घराचा वरचा मजला, ज्याचा जिना ते मागच्या बाडीतून चढवणार होते. दुसरी म्हणजे अडया, ज्यांच्या डोक्यावर आता पाणीपुरीचे ठेले लागणार होते.

चौपाटीचा ठेका बाबुलालला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. बाबुलाल लग्नाचे मंडप टाकायचा. मैदानावर चौपाटी करायला तो तयारच होता, पण नकाशात मैदानाऐवजी पाण्याला लागून जागा मिळाली म्हटल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी पाणकणसात बांबूला लाल चिंध्या बांधून टाकल्या. अडयांनी रात्रभर शिट्ट्या मारल्या.

हे कोणी केलं असेल याचा भय्याजींना फार विचार करावा लागला नाही. ते स्कूटर काढून थेट सेक्टर दहाला गेले.

"साहेब, हे बरं नाई केलं."

"काय केलं मी?"

"माह्या घरात बदकं घुसवले."

लांजेवार साहेब पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला. "भय्याजी, मी तुमच्या घरात बदकं कशाला घुसवीन? मी फक्त चेक केलं."

"थेच तं! तुमी चेक केलेलं कधी जागेवर बसलं? त्या पंप हाऊसचं फाउंडेशन आठवून राहिलं का तुमाले?"

"ते तुम्हीच काढलं होतं."

"अन् तुमी चेक केलं होतं."

पंप हाऊस दोघांनाही आठवत होतं, त्यामुळं चहा न घेताच भय्याजी परतले. त्यांनी हरकत लिहिली. तिच्यात 'हेतुपुरस्सर' हा शब्द चार ठिकाणी होता. अख्ख्या गल्लीच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येक दारात सांगितलं, "सुनावणीत गुन्हेगाराले उभा करतो. नाव घेऊन. सगळ्यायनं या." गल्लीनं यायचं कबूल केलं. मरोद्यात संध्याकाळी फारसं काही होत नाही.

गाडी इथवर सरळ चालली होती. तिला खीळ घातली शेजारच्या दुर्गाबाईंनी. त्या मूळच्या सिवानच्या. नवरा प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. दर छठला घाटावर सगळ्यात पुढं त्यांचीच टोपली असते. त्या कुंपणावरून ओरडल्या, "भय्याजी, हमरा घाट कहाँ भेज दिया? नक्से में हम भैंसों के साथ नहाएँगे का?"

"वो मैंने नहीं किया, बहनजी. साहब ने किया."

"साहब को भैंस से क्या मतलब?"

भय्याजींनी हिशेब मांडला. गल्ली हिरवी करण्यात लांजेवारांचा हेतू, पंप हाऊसचा जुना राग, समजण्यासारखा होता. पण घाट म्हशींकडे नेण्यात कोणाचा काय फायदा? आणि म्हशी कुठं गेल्या? ते पुन्हा सियान सदनात गेले. म्हशीही एक घर मागं सरकल्या होत्या. पाणकणीस गल्लीवर आलं होतं, मैदान पाणकणसावर, घाट म्हशींवर. कोणी एकट्यानं जागा सोडली नव्हती. सगळं मिळून सरकलं होतं.

घरी येऊन त्यांनी कच्च्या आराखड्याची प्रत टेबलावर पसरली. आपल्या नकाशाची त्याच मापाची लहान नक्कल ट्रेसिंग पेपरवर काढली, आराखड्यावर ठेवली आणि डबरीच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचली. सत्यशीलाबाई समोर वालाच्या शेंगा सोलत होत्या. भय्याजींनी वरचा कागद टाचणीभोवती हळूहळू फिरवला. अर्ध्या काटकोनाइतका फिरल्यावर पाणकणीस पाणकणसावर गेलं, घाट घाटावर, मैदान मैदानावर. म्हशीसुद्धा घरी परतल्या. फक्त उत्तरेचा बाण तिरपा झाला.

भय्याजींनी त्या बाणावर बोट ठेवलं.

"सापडला का गुन्हेगार?" बाईंनी विचारलं.

"सापडला."

"मंग पकडा."

"चहा ठेवतं का थोडा?"

त्यांची चूक भिलाईबाहेरच्या माणसाकडून सहज होणार नाही. भय्याजींच्या ड्रॉइंग ऑफिसात प्लांटच्या लांबलचक शेड कागदावर सरळ बसाव्यात म्हणून कागदाची वरची बाजू शेडच्या दिशेनं धरत आणि तिला प्लांट नॉर्थ म्हणत. खरी उत्तर तिच्यापासून अर्धा काटकोन बाजूला होती. नोकरी लागली तेव्हा कोणीतरी भय्याजींना हे सांगितलं होतं, आणि खऱ्या उत्तरेची गरज सर्व्हेवाल्यांना पडते हेही सांगितलं होतं. त्यानंतर आयुष्यभर त्यांच्या प्रत्येक कागदावर एकच बाण होता. शेडच्या उत्तरेला या, गेटच्या दक्षिणेला थांबा, कँटीन पूर्वेला हललं. हजारो माणसं याच दिशांनी चालली, निवृत्त झाली, आणि जाताना घड्याळाबरोबर ही उत्तरही घरी घेऊन गेली.

चहा प्यायल्यावर भय्याजींनी बायकोला सगळं सांगितलं. बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"म्हणजे तुमी घरचे बी दिशा प्लांटच्याच सांगता?"

"व्हय."

"अन् म्या पापड उन्हात टाकतो, तं दुपारी सावली कावून येते म्हणून पपईले शिव्या देऊन राहिली होती."

त्याच संध्याकाळी बाबुलाल मिठाई घेऊन आला. भय्याजींची हरकत त्यालाही लागली होती. गल्लीच्या भानगडीत आराखडा अडकला तर चौपाटी अडकेल, एवढंच त्याला कळत होतं. खुर्चीच्या टोकावर बसून तो म्हणाला, "बड़े भैया, आपकी गली मैं हरे से निकलवा देता हूँ. ऊपर बात हो गई है. आप बस आपत्ति वापस ले लो. घास वाला पीला रहने दो, बाकी सब आपका."

"वो घास नहीं है."

"जो भी है, भैया. बदक के मामा हो क्या?"

तो गेल्यावर भय्याजी गच्चीवर गेले. सौदा स्वच्छ होता. घर सुटत होतं. जिना होत होता. गुन्हेगाराचं नाव कोणाला कळणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त पाणकणीस. खाली बांबूच्या लाल चिंध्या दिसत होत्या आणि अडया त्यांना वळसा घालून उतरत होत्या.

भय्याजींना पाखरांचं वेड नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. नोकरीत त्यांनी पाइप, पाये, पुलाचे खांब, चिमणीच्या शिड्या काढल्या. त्यातलं बहुतेक काही बांधलेलं पाहिलं नाही, कारण त्या त्या खात्याचा पास ड्राफ्ट्समनला मिळत नसे. घोंघी डबरी ही अशी पहिली गोष्ट होती जी त्यांनी कागदावर काढली आणि गच्चीवरून ताडूनही पाहता येत होती. ती कागदाप्रमाणे असावी, बाबुलालप्रमाणे नसावी, एवढं त्यांना वाटत होतं. अडचण एकच होती. अख्ख्या गल्लीला त्यांनी गुन्हेगार दाखवायला बोलावलं होतं.

"आता काय कराचं?" खाली आल्यावर त्यांनी विचारलं.

"नाव घेऊन उभा करतो म्हटलं होतं ना? मंग उभे राहा," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि मिठाईचा डबा बाबुलालला परत पाठवायला वेगळा काढून ठेवला. त्यातले दोन पेढे मात्र कमी झाले होते.

सुनावणीला सियान सदन भरलं होतं. गल्ली पूर्ण आली होती. नगररचनेचे एक अधिकारी, गीतांजली, समितीचे अध्यक्ष म्हणून लांजेवार साहेब, मागं हात बांधून उभा बाबुलाल. भय्याजींची हरकत वाचली गेली. 'हेतुपुरस्सर' शब्द प्रत्येक वेळी आला की लोक लांजेवारांकडे बघत.

"आपको किस पर शक है?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आधी एक काम कराचं, साहेब," भय्याजी म्हणाले. "सगळ्यायनं डोळे मिटा. अन् उत्तर कोठी हाय, थे बोटानं दाखवा. आँखें बंद, उत्तर दिखाओ."

लोक हसले, पण डोळे मिटले. सियान सदनात निवृत्तांचीच गर्दी होती. सगळे हात एकाच वेळी वर गेले आणि सगळी बोटं एकाच खिडकीकडे वळली, जणू तिथून कोणी येणार होतं. लांजेवार साहेबांचं बोट सगळ्यांत ताठ होतं. गीतांजलीचं बोट मात्र कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाकडे होतं. तिच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

"डोळे उघडा," भय्याजी म्हणाले.

डोळे उघडल्यावर सगळ्यांनी आधी एकमेकांची बोटं पाहिली, समाधान झालं, आणि मग गीतांजलीकडे पाहिलं.

"बेटा, मोबाइल ठेव," लांजेवार म्हणाले. "इथे कंपास चालत नाही. लोखंड आहे."

"पर सूरज तो चलता है ना, साहब?" दुर्गाबाई मागून म्हणाल्या. "छठ में हम घाट से सीधा पूरब देखते हैं. सूरज मैदान के ऊपर निकलता है. आपके नक्से में तो भैंसों के ऊपर निकल रहा है."

भय्याजी भिंतीपाशी गेले. खिशातून ट्रेसिंग पेपर काढला, टाचणी टोचली आणि सगळ्यांसमोर कागद फिरवला. पाणकणीस पाणकणसावर गेलं. गल्ली गल्लीत आली. कोणीतरी म्हशींचं नाव घेऊन टाळी वाजवली.

"तं गुन्हेगार," ते म्हणाले. "ड्रॉन बाय, भय्याजी खोब्रागडे. म्याच. मले एकच उत्तर माहीत होती." हॉलमध्ये हसण्याचा स्फोट होण्याआधी त्यांनी हात वर केला. "चेक्ड बाय, लांजेवार साहेब. आपल्याकडे चूक दोघायची असते."

मग स्फोट झाला. बाबुलाल तेवढ्यात पुढं आला. "साहब, नक्शा तो लग चुका है. अब घुमाएँगे कैसे?"

"ये कच्चा है, भाई," अधिकारी म्हणाले. "घुमाने के लिए ही लगाया था."

गीतांजलीनं तिथंच लॅपटॉप उघडला. पण लांजेवार साहेब नकाशाकडे पाहतच नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मनातल्या मनात आपलं क्वार्टर फिरवत होते. देवघर, स्वयंपाकघर, एकेक खोली. एका खोलीपाशी ते थांबले.

"भय्याजी," ते हळूच म्हणाले, "मग माझा संडास?"

"उत्तरेले, साहेब."

"कुबेराच्या दिशेला?"

"खऱ्या उत्तरेले. एकदम अचूक."

दुरुस्त आराखडा लागला तेव्हा पाणकणीस हिरवं होतं आणि चौपाटी मैदानावर गेली होती. लाल चिंध्यांचे बांबू सत्यशीलाबाईंनी वालाच्या मांडवाला आणून रोवले. नकाशाच्या कोपऱ्यात लोकांच्या आग्रहावरून दोन बाण ठेवले होते, एक मोठा खऱ्या उत्तरेचा आणि एक लहान तिरपा, प्लांटच्या उत्तरेचा. मरोद्यातले लोक अजून लहानच बघतात.

फक्त एक गोष्ट नव्यानं आली होती. गल्लीवरचा हिरवा रंग उतरल्यावर त्याखाली झाकलेला डबरीभोवतीचा राखीव पट्टा दिसू लागला. त्यात बांधकाम करता येत नाही. तो पट्टा भय्याजींच्या बाडीच्या मधोमध, नेमका जिन्याच्या जागेवरून गेला. भय्याजींनी टेप घेऊन तो मोजला. सत्यशीलाबाईंनी दुसरं टोक धरलं. चूक निघाली नाही.

"साहेबायनं चेक केलं का यावेळी?" बाईंनी विचारलं.

"केलं. म्हणाले, बॉर्डर जाड हाय."

जिना आता समोरून, रस्त्याच्या बाजूनं चढणार आहे. तिथून डबरी दिसत नाही, ट्रान्सफॉर्मर दिसतो. जिथं पहिली पायरी येणार होती तिथं सत्यशीलाबाईंनी अंबाडीची आणखी एक ओळ टाकली. ती टाकताना त्यांनी नवऱ्याला हाक मारून विचारलं, "अवो, ऊन कोणीकडून येते? मोठ्या बाणाचं सांगा."